पहिला ठोका मुकादमाचा

माझ्या नणंदेला आवाजाचं वेड आहे असं सगळे म्हणतात आणि सगळे चुकतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मीही तेच समजत होते. दुपारी जरा कुठे पाठ टेकली, तोच बाहेरच्या खोलीत गोंगाट सुरू झाला. जिन्यावरून लोखंडी पिंपं गडगडतायत, मध्येच ड्रिल चालतंय, कुणी साखळ्या ओढतंय आणि या सगळ्यावर एक बाई जीव तोडून ओरडतेय. माझी तर पाचावर धारण बसली. धावत बाहेर आले, तर ताई खुर्चीत पाय पसरून, डोळे मिटून बसलेल्या. "बस ना वहिनी," म्हणाल्या, "आता कुठे गाण्याला रंग चढतोय."

ते गाणं 'चौथी पाळी'चं होतं. कारखान्यात पाळ्या तीनच असतात, म्हणून या बँडनं आपलं नाव चौथी पाळी ठेवलेलं. तिघंच जण. एक गिटारवाला, एक यंत्रं आणि पिंपं बडवणारा आणि एक गाणारी. गाणारी ताईंच्याच वयाची, पन्नाशी उलटलेली. तरुणपणी तिचा आवाज करवतीसारखा होता आणि तिच्या केसांचा रंग दर वर्षी बदलायचा. ताई त्यांच्या पहिल्या कॅसेटपासूनच्या. त्यावरची सगळी गाणी त्यांना पाठ, आणि त्यातलं एकही मला धड ऐकवत नसे.

ताई पत्र्याच्या कारखान्यात बेंडिंग मशीनवर आहेत. मोठमोठ्या इमारतींतून गार हवा फिरवणाऱ्या ज्या चौकोनी नळ्या असतात, त्यांचे पत्रे त्या वाकवतात. पत्रा पुढे सरकवायचा, पायानं कळ दाबायची, वरची पात खाली येते, पत्रा कण्हतो आणि काटकोनात उभा राहतो. मग ताई अंगठ्यानं कड चाचपतात आणि पुढचा पत्रा घेतात. कानात बोळे घालूनही संध्याकाळी घरी येतात तेव्हा पहिला अर्धा तास मोठ्यानं बोलतात. अशा बाईनं घरी येऊन पुन्हा ठोकाठोकीच ऐकावी? एकदा मी फटकळपणे विचारलंच. त्या म्हणाल्या, "तिथला आवाज माझ्या अंगावर येतो, वहिनी. इथला मी बोलावला तर येतो आणि जा म्हटलं की जातो. फरक आहे की नाही?" मी पोळपाट-लाटण्याकडे वळले.

गावातल्या या बँडवेड्यांचं एक मंडळ होतं आणि ते आमच्याच बाहेरच्या खोलीत भरायचं. दर साप्ताहिक सुट्टीला दहाबारा माणसं लोखंडी जिना वाजवत वर यायची. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, कोपऱ्यात दोन स्पीकर उभे. माझा नवरा, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, त्या दिवशी न चुकता बाहेर सटकायचा. चहाचं आणि खरकट्या कपांचं मी बघायचे. मंडळात ताईंना सगळे 'मुकादम' म्हणत, कारण कोणतं गाणं आधी, कुणी केव्हा बोलायचं, सगळा हुकूम त्यांचा. त्यांच्या खालोखाल वेल्डर. तो त्यांच्याच कारखान्यातला, मंडळ दोघांनी मिळून काढलेलं. माणूस तसा लाखातला. माझी आजारी आई इथे राहायला होती तेव्हा यानं तिला पाठुंगळी घेऊन जिना चढवला होता. पण मान जरा कमी मिळाला की रुसायचा.

आणि मग तो पत्रा. 'चौथी पाळी'चं सगळ्यात गाजलेलं गाणं 'भट्टी'. कार्यक्रमात ते बँड सुरू करत नाही, ऐकणारे करतात. दिवे मंद होतात, तिघं गप्प उभे राहतात. मग प्रेक्षकांतून लोखंडावर एक ठोका पडतो. त्यापाठोपाठ घरून आणलेले नट आवळायचे पाने, साखळ्या, झाकणं घेऊन सगळी गर्दी वाजवू लागते आणि तेव्हाच गिटार सुरू होतं. आमच्या गावात हा पहिला ठोका ताईंचा. त्यासाठी त्यांनी एक जाड पत्रा स्वतः वाकवून घेतला होता. पाइपच्या चौकटीला तो टांगायचा, हातोडी मारली की बराच वेळ गुणगुणत राहायचा. वीसेक वर्षं हा मान त्यांच्याकडे होता. कारखान्यात त्यांना कधी साधं लाइनवर प्रमुख केलं नाही, पण इथे हजारभर माणसं त्यांच्या हाताकडे डोळे लावून थांबायची. मी एकदाच गेले होते आणि माझ्याही अंगावर काटा आला होता, हे कबूल करते.

तर या बँडचा कितीतरी वर्षांनी नवा अल्बम आला. नाव 'सुट्टी'. मंडळाचा एक नियम होता, नवा अल्बम कुणी एकट्यानं ऐकायचा नाही. पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता आणि एक शब्द न बोलता. पण 'सुट्टी' आला नेमका कामाच्या दिवशी, आणि साप्ताहिक सुट्टीपर्यंत थांबायचा कुणाला धीर? पहिली पाळी सुटल्या सुटल्या सगळे आमच्याकडे येऊन धडकले. मला न विचारता. घरात दूध संपलेलं, मी कोरा चहा पाजला.

अल्बम सुरू झाला. मी दारात उभी होते. पियानोचे एकेक सूर आणि ती गाणारी बाई चक्क हळू बोलल्यासारखी गात होती. ओरडणं नाही, करवत नाही. मला वाटलं, आता ही मंडळी खुर्च्या फेकतात. पण बघते तर वेल्डरचे डोळे भरून आलेले. सरकारी दवाखान्यातली नर्स मान डोलावत पायानं ताल धरून बसलेली. अल्बम संपला आणि सगळे एकदम बोलू लागले. "काय तो ठोका!" "एवढं हळू गाणं आणि खाली तो सतत धडधड, धडधड!" "गाणं संपलं तरी ठोका थांबत नाही, पुढच्या गाण्यात जातो, ही काय कल्पना आहे!" नर्स म्हणाली, "मला तर पायातून येत होता. जमिनीतून!" ताई मात्र नुसत्या हसत होत्या, आणि त्यांचा चेहरा किती दिवसांनी सैल पडलेला मी बघत होते.

त्याच रात्री वेल्डरनं फोनवर, जिथे ठिकठिकाणचे चाहते एकमेकांना लिहितात तिथे, लांबलचक लिहिलं. यंत्र हे बँडचं काळीज आहे, या अल्बममध्ये ते एक क्षणही बंद पडत नाही, ज्यांना ते ऐकू येत नाही त्यांनी कान तपासून घ्यावेत, वगैरे. सकाळी उत्तरं आली. कुठलं यंत्र? कसली धडधड? भावा, तू कोणता अल्बम ऐकलास?

तुमच्या ध्यानात आलंच असेल. आमच्या घराखाली लोखंडी कपाटं रंगवायचं दुकान आहे. रंगाच्या फवाऱ्याला हवा लागते आणि ती देणारा कॉम्प्रेसर आमच्या बाहेरच्या खोलीच्या बरोबर खाली. साप्ताहिक सुट्टीला दुकान बंद, म्हणून मंडळानं तो कधी ऐकलेलाच नव्हता. आम्हाला विचाराल तर आम्ही या घरात इतकी वर्षं राहतोय की तो चालू आहे की बंद हे आमच्या कानांना कळतही नाही. त्या दिवशी खाली मोठं काम आलं होतं, कॉम्प्रेसर दुपारभर चालू. आणि ही दर्दी मंडळी त्याला दाद देऊन गेली! मला कळलं तेव्हा मी भिंतीला टेकून हसले. हसून हसून पोट दुखलं. ताईही हसल्या.

वेल्डर नाही हसला. त्याचं गावोगाव हसं झालं होतं. कुणीतरी कॉम्प्रेसरचं चित्र काढून खाली 'बँडचा चौथा सदस्य' असं लिहून पाठवलं. त्यानं घरी जाऊन 'सुट्टी' पुन्हा ऐकला, आणि धडधडीशिवाय तो त्याला मिळमिळीत लागला. इतरांचंही तसंच. परवा ज्यांनी डोक्यावर घेतला, तेच आता सगळ्यात जास्त नावं ठेवू लागले. आपली फजिती झाली की माणूस खापर फोडायला डोकं शोधतो. यांना त्या गाणाऱ्या बाईचं सापडलं.

तसे सगळीकडेच चाहते फुटले होते. अर्धे म्हणत, बँड म्हातारा झाला, विकला गेला, मेला. अर्धे म्हणत, हेच आजवरचं सगळ्यात चांगलं काम. नावंही पडली, ठोकवाले आणि सुट्टीवाले. आमच्या मंडळात सुट्टीवाल्या एकट्या ताई, कारण त्यांनी पहिल्या दिवशीच कॉम्प्रेसर नव्हे, गाणं ऐकलं होतं.

पुढच्या साप्ताहिक सुट्टीला मंडळ भरलं. बँडचा कार्यक्रम आमच्या गावात ठरला होता, तिकिटं हातात होती. वेल्डर उभा राहिला. म्हणाला, "त्या दिवशी 'सुट्टी'तलं गाणं सुरू झालं की आपण ठोकायचं. पाने, साखळ्या, सगळं. बंद पाडायचं. म्हणजे त्यांना कळेल, आपल्याला काय हवंय ते."

"मी नाही ठोकणार," ताई म्हणाल्या.

"मुकादम, तू नाही ठोकलंस तर कोण ऐकणार आमचं?"

"मग नका ठोकू. सोपं आहे."

"तुला खरंच आवडलं ते रडगाणं?" वेल्डरनं विचारलं. "अगं, आपण कशासाठी जमतो इथे? आपला आवाज म्हणून ना? आपल्या कामाचा आवाज. तिनंच तो टाकला. आता पियानो वाजवतेय, मोठ्या लोकांसारखी."

यावर ताई बोलल्या, आणि इतकं त्या एरवी वर्षभरात बोलत नाहीत. "तिनं आयुष्यभर ठोकलं. मीही ठोकतेय. म्हणून मरेपर्यंत ठोकतच राहायचं का? बसायचं नाही, हळू बोलायचं नाही? कारखान्यात मला मशीन सांगतं केव्हा पाय दाबायचा ते. इथे येऊन तुम्ही सांगणार, मी काय आवडून घ्यायचं ते? मला हे गाणं हवंय. पहिल्यांदा मला असं वाटलं की कुणीतरी मला म्हणतंय, बाई, बस घटकाभर."

नर्स नखं कुरतडत होती. मग वेल्डरनं हात वर करायला सांगितले. सगळे हात वर झाले, नर्सचा सगळ्यात शेवटी आणि अर्धाच. "मंडळाचं ठरलं," तो म्हणाला. "आमच्याबरोबर राहणार नसशील तर पहिला ठोका मी देईन. आणि मग पुढे आम्ही इथे येण्यातही काही अर्थ नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं या माणसांचा चहा केला मी! "पत्रा ताईंचा आहे," मी म्हटलं. "ठोका द्यायचा असेल तर आपल्या कपाळावर द्या. आणि जाताना कप विसळून जा, रोज रोज मी नाही विसळणार." कुणी विसळले नाहीत. पण ताईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. त्या रिकाम्या खुर्च्या एकेक करून भिंतीशी लावत होत्या. लग्न केलं नाही, मैत्रिणी नाहीत, कारखाना आणि हे मंडळ, एवढाच त्यांचा गोतावळा. "नाही जात मी कार्यक्रमाला," म्हणाल्या. मी म्हटलं, "जायचं. आणि पत्रा घेऊन जायचं. मी धरते दुसरी बाजू."

कार्यक्रम बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये होता. दारावरचा माणूस प्रत्येकाचा पाना हातात घेऊन बघायचा आणि आत सोडायचा. आम्ही दोघींनी पुढच्या कठड्याला चौकट बांधून पत्रा टांगला. वेल्डर आणि मंडळी आमच्या मागेच उभी होती, पण आमच्याशी बोललं कुणी नाही. वेल्डरच्या हातात केवढा तरी मोठा पाना होता.

दिवे लागले. गाणारी बाई स्टेजवर आली. केसांना रंग नव्हता, पांढरे होते तसेच बांधलेले. ती पियानोशी बसली आणि तिनं 'सुट्टी'तलंच पहिलं गाणं धरलं. दोन ओळी झाल्या असतील. आमच्या मागून खण्ण! मग दुसरीकडून, मग चहूकडून. काही लोक "गप्प बसा" म्हणून ओरडत होते, त्यामुळे गोंधळ आणखीच वाढला. बाईनं आणखी थोडं रेटलं. मग तिनं पियानोवरचे हात मांडीवर ठेवले. शेडभर टाळ्या आणि शिट्ट्या. मी ताईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, त्या गाण्याच्या पुढच्या ओळी म्हणत होत्या.

"बरं," बाई माईकवर म्हणाली. तिचा आवाज दुखावलेला होता की दमलेला, मला सांगता येणार नाही. "मग जुनंच घेऊ. भट्टी."

काय जल्लोष झाला! दिवे मंद झाले, एकच झोत आमच्या पत्र्यावर आला. सगळी शेड चिडीचूप. आता ठोका. ताईंच्या हातात हातोडी होती. त्यांनी ती उचलली नाही.

लोकांना आधी वाटलं, मुकादम मुद्दाम ताणतेय. कुणीतरी हसलं. मग हाका सुरू झाल्या, "मुकादम, दे ना!" वेल्डर पुढे झाला, ताईंच्या कानाशी वाकून म्हणाला, "अगं, लोक थांबलेत."

"थांबू देत. मघाशी तिलाही थांबवलंत. तिला विचारलं होतं कुणी?"

"मुकादम, ऐक. नाहीतर मी देतो."

त्यानं पाना उगारला. ताईंनी हातोडी माझ्या हातात दिली आणि आपले दोन्ही तळवे पत्र्यावर पसरून ठेवले. हात ठेवला की पत्रा वाजत नाही, नुसता बद्द आवाज येतो. आणि आता तर जिथे ठोकायचं तिथेच त्यांची बोटं होती. "ठोक," त्या म्हणाल्या.

पाना तसाच वर. मी हातोडी घट्ट धरली होती. खरं सांगते, त्यानं तो खाली आणला असता तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. वेल्डरनं ताईंच्या बोटांकडे पाहिलं. मग त्याचा हात हळूहळू खाली आला.

ताईंनी मान वर केली. मशीनवरून पलीकडच्या माणसाशी बोलायची सवय असलेला त्यांचा तो आवाज मी घरात इतका ऐकलाय की मला त्याचा राग यायचा. त्या दिवशी नाही आला. "बाई!" त्या स्टेजकडे बघून म्हणाल्या, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "ते गाणं अर्धं राहिलंय. ते आधी पुरं करा. त्याशिवाय ठोका नाही!"

मागून शिव्या आल्या. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती माझ्या खांद्याला लागली. "बाजूला हो, म्हातारे!" असंही कुणी ओरडलं. ताई हलल्या नाहीत. गाणारी बाई डोळ्यांवर आडवा हात धरून झोताच्या पलीकडे कोण आहे ते बघत होती. बराच वेळ तिनं पाहिलं. मग पुन्हा पियानोशी बसली आणि जिथे तोडलं होतं तिथूनच पुढे गाऊ लागली.

कुणी ठोकलं नाही. आवडलं म्हणून नव्हे, भट्टी हवी होती म्हणून. काही पाठ फिरवून उभे राहिले, काही मोठमोठ्यानं जांभया देत होते. ताई पत्र्यावरचे हात न काढता ऐकत होत्या. "वहिनी, हात ठेव," त्या हळूच म्हणाल्या. मी ठेवला. बाईचा आवाज स्पीकरमधून निघून पत्र्यात उतरत होता आणि तळव्याला बारीक थरथर लागत होती. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण ते गाणं मला आवडलं, आणि आवडलं तर मी सांगणार.

गाणं संपलं. टाळ्या तुरळकच. ताईंनी माझ्याकडून हातोडी घेतली आणि ठोका दिला. त्यांनी एवढ्या जोरानं कधी दिला नसेल, मी कानच झाकले. मग शेड उसळली, पाने, साखळ्या, झाकणं, गिटार. सगळ्यांबरोबर वेल्डरही ठोकत होता, पण आमच्याकडे न बघता.

कार्यक्रम संपला तेव्हा मंडळातलं कुणी थांबलं नाही. एरवी पत्रा न्यायला चारचार हात पुढे यायचे. नर्स जाता जाता जरा घुटमळली, मग तिला कुणी हाक मारली आणि ती गेली. आम्ही दोघींनीच दोऱ्या सोडल्या आणि पत्रा दोन्ही बाजूंनी धरून रस्त्यानं चालू लागलो. चौकात ताईंनी पत्रा खाली टेकवला आणि बाहीनं डोळे पुसले.

"मंडळ गेलं, वहिनी."

"गेलं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"पण गाणं पुरं झालं ना?"

"झालं, ताई. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून झालं."

"मग उचल," त्या म्हणाल्या. "आणि तिथे नको धरू, कड लागेल हाताला."